पाणवठ्यावरची बंद जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुनी हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण दुसऱ्या कोणी म्हटलं की मला राग येतो. माझा हिरवा रंग ठिकठिकाणी उडाला आहे, पुढचा एक दिवा फुटला आहे आणि मला चाकं नाहीत. चाकांच्या जागी दगड रचले आहेत. तरीसुद्धा मी नोकरीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या बाकांवर बसायला लोक रांग लावतात. हे कसं झालं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबरच्या भावंडांपैकी कोणी शेतावर गेलं, कोणी पोलिसांत भरती झालं. एक बहीण म्हणे एका डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि तिथे तिला रोज मऊ कपड्याने पुसत असत. मला मात्र एका राष्ट्रीय उद्यानात पाठवलं. तिथल्या मिस्त्रीने आधी माझं छप्पर कापून टाकलं. मग मागे पायऱ्यांसारखे चढते बाक बसवले, म्हणजे मागच्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून जंगल दिसावं. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण शेवटी त्याने माझ्या हॉर्नची तारच तोडली. उद्यानात हॉर्न वाजवायचा नाही असा नियम होता. मी नवीकोरी, अंगात रग, आणि तोंडाला कुलूप. कितीतरी दिवस मी फुरंगटून होते.

माझे चालक अण्णा. अंगाने किरकोळ, स्वभावाने घाबरट आणि काळजी करण्यात पटाईत. मी नवीकोरी होते तेव्हासुद्धा ते मला 'म्हातारे' म्हणायचे. पुढे खरोखर म्हातारी झाले तेव्हा मला त्याची सवय होऊन गेली होती.

ते दिवस फार चांगले होते. उतार आला की अण्णा माझं इंजिन बंद करत आणि मी आवाज न करता खाली घरंगळत जाई. वळणापलीकडे हरणांचा कळप चरत असे, त्याला आमचा पत्ताही लागत नसे. बाकांवरची मुलं श्वास रोखून बघत. फाटकाजवळच्या मोठ्या फलकावर उद्यानाचं चित्र होतं, त्यात झाड, हरीण आणि मी असे तिघेच होतो. आता गर्व वाटायला एवढं पुरेसं नाही का?

पण वय कोणाला सोडतं? मला सुरू करणारा सेल्फ कुरकुरू लागला. अण्णांनी किल्ली फिरवली की मी नुसती खोकायचे. मग फाटकावरची माणसं बाह्या सरसावून मला धक्का मारायची. जंगलात मात्र कोणी गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही असा कडक नियम, तिथे धक्का कोण मारणार? दोन-तीनदा मी आतच बंद पडले आणि मला दोरी लावून ओढून आणावं लागलं. फाटकातून तशी परत येताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर बॅटरीवर चालणाऱ्या नव्या जीपही आल्या होत्या. त्या चालतायत की उभ्या आहेत हेच कळत नसे. फलकावर माझ्या जागी त्यांचं चित्र लागलं. मी फाटकामागच्या चढावर उभी राहू लागले, म्हणजे गरज पडली तर उतारावर ढकलून सुरू करता यावं.

उद्यानाच्या मोठ्या बाई, म्हणजे वनाधिकारी, नियमाला पक्क्या होत्या. एके दिवशी त्या अण्णांना म्हणाल्या, "आता पुन्हा हिला दोरी लावून आणावी लागली, तर थेट भंगारात."

त्या संध्याकाळी अण्णांनी माझी काच पुन्हा पुन्हा पुसली.

मग अण्णांनी एक तोडगा काढला. फाटकातून निघाल्यापासून परत येईपर्यंत माझं इंजिन बंदच करायचं नाही. मी सुरू राहिले म्हणजे दोरी नको, आणि दोरी नको म्हणजे भंगार नको. तोडगा बिनतोड होता, त्यात एवढीच खोट होती की मी तोवर फार आवाज करू लागले होते. आम्ही येतोय हे जंगलाला पार पलीकडच्या टोकापर्यंत कळायचं. माझ्या बाकांवर बसलेल्यांना दिसायच्या त्या फक्त पळणाऱ्या शेपट्या. लोक उतरताना कुरकुर करायचे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण मनाला लागायचंच.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी ते कुटुंब आलं. आई, बाबा, बाबांची थोरली बहीण आणि एक लहान मुलगी. मुलगी इतकी बारकी आणि इतकी चळवळी की घरात तिला सगळे मुंगी म्हणायचे. आत्याबाईंनी खाण्याच्या पिशव्या भरण्यात उशीर केला होता, त्यामुळे नव्या जीप केव्हाच निघून गेल्या होत्या. राहिले होते मी. आत्याबाईंनी मला पुढून-मागून न्याहाळलं आणि अण्णांना विचारलं, "ही जाऊन परत येते ना?"

"जाते तर नक्की," अण्णा म्हणाले.

मला राग आला, पण अण्णा खोटं बोलले नव्हते.

मुंगीला अस्वल बघायचं होतं. वाढदिवसाला काय हवं असं विचारल्यावर तिने अस्वलच मागितलं होतं. ते घरी आणता येत नाही असं समजावल्यावर, मग निदान दाखवा म्हणाली होती, आणि बाबांनी शब्द दिला होता. निघाल्यापासून ती सर्वांत वरच्या बाकावर आईचा हात धरून उभी होती. थोडं पुढे गेलो नाही तोच ती म्हणाली, "अस्वल." सगळे उठले. तो झाडाचा बुंधा निघाला. पुढे आणखी एक अस्वल दिसलं, तोही बुंधाच. त्याच्या पुढचं अस्वल म्हणजे एक काळा खडक होता. मग एकदा वनरक्षकांच्या चौकीमागचं अस्वल दिसलं, ती पाण्याची टाकी होती. आत्याबाई हसून हसून बेजार झाल्या. बाबा आधी तिच्याबरोबर उत्साहाने उठत होते, नंतर बसूनच मान वळवू लागले आणि शेवटी जरा चिडून म्हणाले की आता पुरे, नीट बघितल्याशिवाय ओरडायचं नाही. मुंगी खाली बसली. आता मी सांगणारच नाही, असं म्हणून तिने तोंड मिटलं.

खरं जनावर त्यांना एकही दिसलं नव्हतं, आणि तो दोष माझा होता.

दुपार कलली तेव्हा आम्ही पाणवठ्यावर आलो. ही जागा खोलगट आहे, चारही बाजूंनी चढ. आम्ही धडधडत खाली उतरलो आणि काठावरचे बगळे उडाले. झाडीत काहीतरी सळसळलं, पुन्हा शेपट्या दिसल्या आणि सगळं रिकामं झालं. मुंगीने अण्णांना विचारलं की हे सगळे आपल्याला घाबरून पळतात का. अण्णा म्हणाले, आपल्याला नाही, हिच्या आवाजाला. मग हिला गप्प करा ना, ती म्हणाली. तेव्हा अण्णांनी सगळं खरं सांगितलं. ही बंद केली तर सुरू होणार नाही, इथे उतारही नाही, आणि दोरी लागली की हिचा शेवट. बाबा लगेच म्हणाले, नको, राहू दे, आपण असेच परत जाऊ.

मुंगीने हट्ट केला नाही. ती खालच्या बाकावर आली, माझ्या थरथरणाऱ्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि मला म्हणाली, "तू दमली असशील."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. कोणी मला वाखाणलं, कोणी शिव्या घातल्या, पण मी दमले असेन हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. अण्णांनी ते ऐकलं. मग त्यांनी मागे वळून विचारलं की परतायला उशीर झाला तर चालेल का. आत्याबाई म्हणाल्या की खायला आठवडाभराचं आहे. अण्णांनी किल्लीवर हात ठेवला.

"म्हातारे, बस आता जरा," ते म्हणाले आणि त्यांनी मला बंद केलं.

मला भीती वाटली, हे मी लपवत नाही. पण मग शांतता आली आणि भीती मागे पडली. कितीतरी दिवसांनी मला माझ्याशिवाय दुसरं काही ऐकू येत होतं. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, एक पक्षी खोडावर टकटक करत होता. तेवढ्यात आत्याबाईंच्या मांडीवरची बिस्किटांची पुडी करकरली. सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तोंडातलं बिस्कीट चावायचंही थांबवलं.

बगळे परत आले. पाण्यातून दोन पाणमांजरं डोकी वर काढून आमच्याकडे बघू लागली, आणि आमच्यात घाबरण्यासारखं काही नाही असं ठरवून त्यांनी मासा पकडला. हरणं उतरून आली. त्यातल्या एकाने तर माझ्या पुढच्या बंपरला मान घासली. आई डोळे पुसत होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

मुंगीने बाबांची बाही ओढली. ती अगदी हळू, जवळजवळ नाइलाजाने बोलली.

"बाबा, तो बुंधा पाणी पितोय."

बाबांनी मान वळवली. पलीकडच्या काठावरचा काळा बुंधा मान वर करून उभा राहिला. ती अस्वलीण होती, आणि तिच्या पाठीवर केसांत मुठी रुतवून एक पिल्लू बसलं होतं. बाबांनी मुंगीला उचलून खांद्यावर घेतलं. तिनेही त्यांच्या केसांत मुठी रुतवल्या.

पुढे व्हायचं तेच झालं. अण्णांनी किल्ली फिरवली, मी खोकले आणि थांबले. त्यांनी वायरलेसवर दबक्या आवाजात निरोप दिला आणि हळू यायला सांगितलं, कारण समोर अस्वल होतं. मोठ्या बाई स्वतः नव्या जीपमधून आल्या आणि आमच्या मागे थोड्या अंतरावर गप्प उभ्या राहिल्या. जनावरं हलली नाहीत. अस्वलीण तिच्या सवडीने उठून झाडीत गेली, तोवर बाईही बघतच होत्या.

मग ती नवी जीप माझ्या पाठीला टेकवली आणि सगळे एकीतून दुसरीत गेले. मुंगीने बाईंना विचारलं, "आता हिचं काय करणार?" बाईंनी तिची समजूत काढायला खोटं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या की हिला भंगारात द्यायचं ठरलं आहे. मुंगी रडायला लागली. अण्णा हातात दोरी घेऊन उभे होते, पण ती बांधायला त्यांचे हात धजत नव्हते.

बाई अण्णांकडे बघत राहिल्या, मग पाण्याकडे. ते हरीण अजून माझ्या बंपरपाशीच रेंगाळत होतं.

"दोरी लावून आणली तर भंगारात, असं मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "मग आणायचीच नाही. इथेच राहू दे हिला."

आज मी त्याच जागी उभी आहे. माझी चाकं आणि इंजिन दुसऱ्यांच्या कामी आलं, आणि इंजिनाच्या पोकळीत एका पक्षिणीने संसार थाटला आहे. लोक नव्या जीपमधून येतात, जमिनीला पाय न लावता माझ्या बाकांवर येतात आणि गप्प बसून बघतात. अण्णा अजून माझ्याच स्टिअरिंगमागे बसतात. कुजबुजणाऱ्यांकडे मागे वळून बघणं, एवढंच आता त्यांचं काम. काळजी मात्र ते पूर्वीइतकीच करतात, हल्ली त्या पक्षिणीच्या पिल्लांची.

परवा मुंगी आली होती. उंच झाली आहे. बरोबर आत्याबाई होत्या आणि त्यांच्या पिशवीत नुसती केळी होती, कारण केळी करकरत नाहीत. मुंगीने आल्या आल्या माझ्या पत्र्यावर हात ठेवला.

मित्रांनो, तुम्ही जंगलात याल तेव्हा इंजिन बंद करायला सांगा आणि थोडं थांबा. लांबवर काळा बुंधा दिसला, तर बुंधाच आहे म्हणून लगेच पुढे जाऊ नका. आणि घरी परतल्यावर कोपऱ्यात एखादी जुनी, खोकणारी वस्तू दिसली, तर तिच्यापाशीही थोडं थांबा.