उभ्या राहिलेल्या मावशी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझ्यावर बसून माणसं रडतात, तेच माझं काम.

सुताराने आम्हा सहा बहिणींना एकाच झाडातून काढलं. त्याची बायको प्रत्येकीवर स्वतः बसून बघायची आणि जरा डुगडुगलं की नवऱ्याला म्हणायची, "पाहुणा पडला तर नाव तुमचंच निघेल." पुढे मी एका कचेरीत गेले. तिथे साहेब माझ्यावर बसत आणि अर्ज घेऊन आलेली माणसं समोर उभी राहत. माझ्या गुळगुळीत हातांची साहेबांचे पाहुणे फार तारीफ करत, पण वीस वर्षांत त्या उभ्या माणसांपैकी एकालाही त्यांवर आपला हात टेकायला मिळाला नाही. मग कचेरीत लोखंडी खुर्च्या आल्या आणि मी दवाखान्यात आले, समुपदेशनाच्या खोलीत. इथे बोलायला आलेला माणूस माझ्यावर बसतो आणि ऐकणाऱ्या मॅडम समोर. मला बरं वाटलं.

मॅडम तरुण होत्या, खूप शिकलेल्या. शिपाईमामा तिथले जुने. एक माणूस उठला की मामांनी मला औषधाच्या पाण्याने पुसायचं, असा नियम होता. रोगराई पसरू नये म्हणून. नियम सगळ्यांना सारखाच.

एक दिवस चादरवाल्या मावशी आल्या. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चौदा वर्षं चादरींना इस्त्री करत होत्या, म्हणून हे नाव. रंगाने काळ्या. गावाच्या ज्या टोकाची माणसं कामाला चालतात पण शेजाराला चालत नाहीत, त्या टोकाच्या. पंधरा दिवस झाले, इस्त्रीपुढे उभं राहिलं की त्यांचे दोन्ही हात आखडत. हाडांच्या डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. मुकादमाची चिठ्ठी होती: हिला नीट करा, नाहीतर काम जमत नाही असं लिहून द्या. तसं लिहिलं गेलं की नोकरी गेली. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला आणि लेक शिकणारी.

पहिल्या दिवशी मावशी माझ्या अगदी काठावर बसल्या. निघाल्या, आणि पिशवी राहिली म्हणून दारातून परतल्या, तेव्हा मामा मला खसाखसा पुसत होते. मावशींनी एकदा फडक्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि गेल्या.

पुढच्या दोन्ही खेपांना त्या बसल्याच नाहीत. मॅडम बसा म्हणायच्या, त्या "राहू दे, बरी आहे" म्हणून भिंतीशी उभ्या राहायच्या. मॅडमनी लहानपण विचारलं, वडील विचारले, झोप विचारली. एका शब्दात उत्तर आणि नजर जमिनीवर. मॅडम काही वाईट नव्हत्या. पण त्या वाढल्या त्या घरात कुणी "बस" म्हणेल याची वाट कुणालाच पाहावी लागली नव्हती. त्यांनी कागदावर लिहिलं: सहकार्य करत नाहीत, उपचाराला विरोध आहे.

मला चार पाय असून पुढे होता येईना. पुढे झाले ते मामा. कागद कपाटात ठेवण्याआधी त्यांनी बोट ठेवून तो सावकाश वाचला. म्हणाले, "मॅडम, यात उभ्या माणसाचा रकाना दिसत नाही."

मॅडम हसल्या. मामा हसले नाहीत. "त्या बाई पिशवीसाठी परतल्या तेव्हा मी खुर्ची पुसत होतो," त्यांनी सांगितलं. "नियम तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. त्यांना कुणी सांगितला?"

मॅडमचा चेहरा पडला.

चौथ्या खेपेला मॅडमही उभ्याच राहिल्या. आधी नियम सांगितला, तो न सांगितल्याची माफी मागितली, आणि मग आजवर न विचारलेलं विचारलं, की तुम्ही उभ्या का राहता.

मावशींनी पिशवी भिंतीशी ठेवली. मग म्हणाल्या, "इस्त्रीच्या वाफेने एकदा चक्कर आली, म्हणून मुकादमाच्या खुर्चीवर टेकले. तो आला. मला ओरडलासुद्धा नाही. बादली मागवली आणि सगळ्यांदेखत खुर्ची धुऊन घेतली. वर म्हणाला, हा काळा डाग जायला साबण किती लागेल कोण जाणे. सगळ्या हसल्या. शेजारच्या इस्त्रीवरची, रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारी, तीपण हसली हो." दुसऱ्या दिवशी हात आखडले.

मॅडम इतके दिवस दुखणं मावशींच्या मनात शोधत होत्या. ते तर धुलाईखान्यातून आलं होतं.

त्यांनी जुना कागद फाडला आणि मावशींच्या समोर नवा लिहायला घेतला. काम येतं, चौदा वर्षांचा हात आहे. बसायची सोय करा. वरचा माणूस बदला. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होत्या: "कामाच्या जागी आपला अपमान झाला, असे त्यांना वाटते."

"वाटतं नका लिहू," मावशी म्हणाल्या. "झाला, असं लिहा."

मॅडमनी ओळ खोडली आणि तसं लिहिलं. मावशींनी कागद हातात घेतला आणि कुणी न सांगता माझ्यावर बसल्या, पाठ टेकून. चौदा वर्षांचं वजन होतं ते, मी ओळखलं.

नोकरी राहिली. मुकादमाला काही झालं नाही, पण मावशींना दुसऱ्या पाळीत घेतलं. हात सुटायला आणखी आठ खेपा लागल्या.

मित्रांनो, आता माझी बैठक खिळखिळी झाली आहे, लवकरच अडगळीत जाईन. त्याचं दुःख नाही. मागणं एवढंच: समोरचा माणूस गप्प उभा असेल तर तो हट्टी आहे असं लिहून मोकळे होऊ नका. आधी त्याला विचारा. आणि तो जे सांगेल ते, कितीही टोचलं तरी, त्याच्याच शब्दांत लिहा.