पाट मांडला म्हणून

मित्रांनो, माझ्या अंगावर तीन कंपन्यांची नावे एकावर एक चिकटवलेली आहेत आणि त्यांतले एकही माझे नाही. माझे खरे नाव एका बाईने ठेवले. तिची नोकरी माझ्यामुळे गेली. तेव्हा मी गोड गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

मी एक जुना पाट आहे. जेवायला बसायचा लाकडी पाट नव्हे. मी ॲल्युमिनियमचा आहे, तुमच्यापैकी एखाद्याच्या उंचीएवढा लांब आणि मधोमध दुमडणारा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात, दक्षिणेकडे धावणाऱ्या एका गाडीत मी राहतो. फलाट आणि गाडीचे दार यांच्यामध्ये एक फट असते. तुम्ही ती टुणकन उडी मारून ओलांडता आणि विसरून जाता. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला मात्र ती विहिरीएवढी वाटते. त्या फटीवर मला टाकतात आणि खुर्ची माझ्यावरून आत जाते. कागदोपत्री मला रॅम्प म्हणतात.

मला सिओने नावाच्या टोंगा बेटांवरच्या एका धिप्पाड कारागिराने बनवले. माझ्या कडा घासून झाल्यावर त्याने मला दोन ठोकळ्यांवर ठेवले आणि स्वतः माझ्यावर उभा राहिला. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. त्याने दोन उड्या मारल्या. मी वाकलो नाही. "स्वीट ॲज!" म्हणजे एकदम झकास, असे म्हणत त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. तशी थाप पुढे फारशी कोणी मारली नाही.

गाडीत दाराशेजारी दोन आकडे होते, त्यांवर मला अडकवले. त्या गाडीवर लीला गार्ड होती. कराडहून शिकायला आलेली ही मुलगी शिक्षण संपल्यावर इथेच राहिली आणि रेल्वेत लागली. दारे उघडायची, लावायची, सगळे चढले की ड्रायव्हरला दोन घंट्या द्यायच्या, हे तिचे काम. दोन घंट्या झाल्याशिवाय गाडी हलत नसे.

एके सकाळी मनुरेवा स्टेशनवर व्हीलचेअरवरचे एक गृहस्थ फोनवर बोलत होते, "अगं, गाडी आली, ठेवतो." लीलाने ते ऐकले. मला आकड्यावरून काढता काढता तिच्या तोंडून सहज निघून गेले, "थांबा हं काका, पाट मांडते."

ते गृहस्थ चकित झाले आणि मग खो खो हसले. "पाट? अगं, मग रांगोळीसुद्धा काढ की!"

"रांगोळी उद्या. आज नुसता पाट गोड मानून घ्या," लीला म्हणाली.

ते दीनानाथ. पुण्याचे इंजिनियर. भूकंपानंतर ख्राइस्टचर्च शहर पुन्हा उभे करायला म्हणून या देशात आले. पडलेल्या इमारती उभ्या केल्या आणि मग मोटारीच्या एका अपघातात स्वतःच्या पायांवर उभे राहायचे राहून गेले. आता मनुरेवाहून शहरातल्या कचेरीत रोज याच गाडीने जात. त्या दिवसापासून मी रॅम्प उरलो नाही. पाहुणा आला की आधी पाट मांडायचा असतो. लीला मला तसाच मांडायची, दोन्ही हातांनी, आवाज न करता.

सुट्टीत दीनानाथांबरोबर त्यांची मुलगी इरा येई. इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळे कळायचे, पण उत्तर कायम इंग्रजीत. "थँक यू, पाट!" म्हणत ती माझ्यावर एक पाय आपटायची. एवढा एकच मराठी शब्द तिच्या तोंडी होता आणि तो माझा होता. मला त्याचा फार अभिमान वाटे.

आता एक कंटाळवाणी गोष्ट समजून घ्या, कारण सगळे रामायण तिथेच आहे. आमचे रूळ देशाचे, गाड्या शहराच्या. त्या चालवायचे काम मात्र काही वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीला देतात. करार संपला की दुसऱ्या कंपन्या पुढे येतात, आम्ही कमी खर्चात चालवू म्हणतात, आणि जी सगळ्यांत जास्त वचने देईल तिच्या हाती गाडी जाते. अशीच एक कंपनी आली, हार्बरवे नावाची. रात्रीत डबे निळे झाले. माझ्या पोटावरही निळी पट्टी चिकटली.

दीनानाथ तो रंग बघून म्हणाले, "लीला, आपल्या गाडीचा परत पाट लागला गं!"

पूर्वी बाईच्या दुसऱ्या लग्नाला 'पाट लावणे' म्हणत, हे मला ठाऊक नव्हते. मला वाटले, मला कोणी लावले? दोघे माझ्या डोक्यावरून हसत राहिले. पुढे मला कळले की हार्बरवेला लावायचा पाट तेवढा कळत होता. मांडायचा कळत नव्हता.

सुरुवातीला माझे काय लाड झाले! फोटोवाले आले. मला मांडले, माझ्यावर दीनानाथ, शेजारी लीला, आणि दीनानाथांना चार वेळा हसायला लावले. तो फोटो माणसाएवढा मोठा करून शेवटच्या डब्याच्या बाहेर चिकटवला. खाली लिहिले, 'रूम फॉर एव्हरीवन'. म्हणजे प्रत्येकाला जागा. इरा त्या फोटोपुढे उभी राहून मैत्रिणींना "दॅट्स माय डॅड" म्हणून सांगायची.

मग कंपनीने घड्याळ काढले. करारात लिहिले होते की गाडी पाच मिनिटांहून जास्त उशिरा पोहोचली तर कंपनीला दंड. ड्रायव्हर पुरेसे नेमले असते तर उशीर झालाच नसता. पण कमी खर्चात चालवू असे सांगून आलेले लोक ड्रायव्हर कुठून नेमणार? त्यांनी फलाटावरची सेकंदे कापायला घेतली. प्रत्येक स्टेशनवर अडतीस सेकंद. मला मांडायला, खुर्ची आत घ्यायला आणि मला उचलायला दीड मिनिट लागते. सिओने येऊन नाचला असता तरी ते अडतीस सेकंदांत बसले नसते.

आधी नियम निघाला की व्हीलचेअरवाल्यांनी आदल्या दिवशी बुकिंग करावे. तुम्ही शाळेत जायला आदल्या दिवशी दाराची परवानगी काढता का? मग मला आकड्यावरून उतरवून शेवटच्या डब्यातल्या कपाटात घातले आणि कुलूप लावले. माझ्यावर पत्रकांची खोकी रचली. त्या पत्रकांवर माझाच फोटो होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हे सगळे कंट्रोल रूममधून सांभाळणारा माणूसही आपल्याकडचाच होता, मुंबईचा. नाव धैर्यशील, पण धीर अडतीस सेकंदांचा.

तो दिवस मंगळवार. इराच्या शाळेचा शहरात कापा हाकाचा कार्यक्रम होता, म्हणजे माओरी गाणी आणि नाच. इरा पहिल्या रांगेत होती. मुले शाळेच्या बसने गेली होती. इराची आई नीता मोटार घेऊन हॉस्पिटलच्या ड्यूटीवर गेलेली. दीनानाथांनी नियमाप्रमाणे सोमवारीच बुकिंग केले आणि ते पाऊण तास आधी येऊन फलाटावर बसले.

आमच्या गाडीला चार मिनिटे उशीर होता. लीला किल्ली घेऊन कपाटाशी आली आणि तिचा फोन वाजला.

"लीला, मनुरेवाला रॅम्प काढू नकोस," धैर्यशील म्हणाला. "ऑलरेडी चार मिनिटं लेट आहे. रॅम्प काढलास की पाचच्या वर जातो आपण."

"अरे, काकांनी बुकिंग केलंय. वाट बघत असतील ते."

"नेक्स्टवाली घेईल त्यांना. हीप्स ऑफ लोक आहेत गाडीत, त्यांचा विचार कर. आणि तुझ्या नावावर आधीच तीन लेट आहेत. मला पण वर उत्तर द्यावं लागतं गं."

किल्ली कुलपात होती. मला तिची कुरकुर ऐकू येत होती. मग किल्ली बाहेर निघाली. मित्रांनो, मला हात असते तर मी आतून दार फोडले असते.

दारे उघडली. अडतीस सेकंद. बाहेरून दीनानाथांचा आवाज आला, नेहमीसारखाच हसरा, "लीला, अगं, पाट?"

दारे लागली. दोन घंट्या झाल्या. गाडी हलली आणि फलाटावर बसलेल्या दीनानाथांच्या समोरून त्यांचा स्वतःचाच हसणारा फोटो सरकत गेला. 'रूम फॉर एव्हरीवन'.

मागची गाडी उशीर भरून काढायला मनुरेवाला थांबलीच नाही. न थांबलेल्या स्टेशनावर उशीर मोजत नाहीत, ही आणखी एक हुशारी. तिच्याही मागच्या गाडीने दीनानाथ पोहोचले तेव्हा कार्यक्रम संपून रंगमंचावरच्या खुर्च्या उचलल्या जात होत्या.

दुपारी दोघे बापलेक आमच्याच गाडीने परत निघाले. शहराच्या स्टेशनवर गाडी बराच वेळ उभी असते, म्हणून तिथे मला काढायला कोणाची हरकत नसे. लीलाने मला मांडले, पण तिने मान वर केली नाही. इराच्या हनुवटीवर रंगवलेली नक्षी पुसटली होती. तिने माझ्यावर पाय आपटला नाही. ती लीलासमोर उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा पुरे मराठी वाक्य बोलली.

"तू बाबाला पाट का नाही मांडलं?"

मांडलं नव्हे, मांडला. पण त्या वेळी व्याकरण कोणाला सुचणार? लीला रडली. दीनानाथ खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी लीलाने ती खोकी उचलून कचेरीच्या दारात नेऊन ठेवली आणि मला पुन्हा आकड्यांवर अडकवले. त्यानंतर चार महिने, ज्याला ज्याला गरज होती त्याच्यासाठी, बुकिंग असो वा नसो, तिने मला मांडले. दीनानाथांसाठी, जुळ्यांच्या बाबागाडीसाठी, काठी टेकत येणाऱ्या एका सामोअन आजीसाठी. मोजून सोळा वेळा गाडीचा उशीर पाचावर गेला. आधीचे तीन धरून एकोणीस. प्रत्येक उशिराचा फॉर्म भरावा लागे. कारणाच्या रकान्यात लीला इंग्रजी अक्षरांत एकच शब्द लिहायची, 'पाट'.

कचेरीतल्या साहेबांना वाटले, हा गाडीचा काहीतरी नवा बिघाड आहे! दोन मेकॅनिक बॅटऱ्या घेऊन डब्याखाली शिरले आणि दिवसभर पाट शोधत राहिले. मी त्यांच्या डोक्यावर लटकत होतो. इतका मी आयुष्यात कधी हसलो नाही. धैर्यशीलला अर्थ ठाऊक होता. तो गप्प बसला. तेव्हा मला वाटले, चला, माणसात थोडे माणूसपण उरले आहे.

चौथ्या वर्षी हार्बरवेने हात वर केले. ड्रायव्हर सोडून गेले होते, धावणाऱ्या गाड्यांपेक्षा रद्द होणाऱ्या जास्त झाल्या होत्या. परिस्थिती अनुकूल नव्हती, असे एक पत्रक काढून कंपनी निघून गेली. तिचे साहेब दुसऱ्या कुठल्या देशातल्या गाड्या चालवायला गेले म्हणे. कोणाला ओरखडाही उठला नाही. गाडीचा तिसरा पाट लागला. डबे जांभळे झाले.

नव्या कंपनीने जुन्या माणसांच्या याद्या मागवल्या. ज्याच्या नावावर पंधराहून जास्त उशीर, त्याला घ्यायचे नाही. लीलाच्या नावापुढे एकोणीस होते. पाट म्हणजे काय, असे त्यांनी विचारले, आणि या वेळी धैर्यशीलने सांगून टाकले. बिघाड नव्हता, बाईच मुद्दाम गाडी थांबवत होती, असे कागदावर आले. धैर्यशीलला जांभळे जाकीट मिळाले.

शेवटच्या दिवशी लीलाने मला बाहीने पुसले. "येते रे," म्हणाली. आता ती सँडरिंगहॅम उपनगरात एका भारतीय दुकानात मिठाईचे डबे बांधते. जिने माणसांना आत घेतले ती बाहेर आणि ज्यांनी बाहेर ठेवले ते आत. हे मला अजून पचलेले नाही, आणि पचू नये असेच मला वाटते.

मी? मी पुन्हा कपाटात गेलो. जांभळी पट्टी, तेच कुलूप, तेच अडतीस सेकंद.

गेल्या महिन्यात मनुरेवाला दारे उघडली तेव्हा इरा दारातच उभी राहिली, एक पाय आत, एक फलाटावर. आता ती बरीच उंच झाली आहे. नवी गार्ड हिने नावाची एक माओरी बाई आहे. इरा तिला माओरीत नमस्कार करून म्हणाली, "किया ओरा. बाबांसाठी पाट मांडा."

"व्हॉट्स अ पाट?" हिनेने विचारले.

इराने तिला इंग्रजीत समजावून सांगितले, की जो आत यावा असे तुम्हाला वाटते, त्याच्यासाठी मांडतात तो पाट. हिनेच्या खिशातला फोन वाजू लागला. तिने दीनानाथांकडे बघितले, फोन वाजू दिला आणि माझे कुलूप उघडले. "का पाई," म्हणाली, म्हणजे छान. खुर्ची माझ्यावरून आत गेली. इराने मागून येऊन माझ्यावर पाय आपटला.

त्या दिवशी हिनेच्या नावावर पहिला उशीर लागला. एकोणीस व्हायला फार दिवस लागत नाहीत, हे मी पाहिले आहे.

म्हणून मित्रांनो, मला पुसा, रंगवा, जपून ठेवा असे मी सांगणार नाही. जपून ठेवलेलाच तर मी कपाटात होतो. मला मांडा. आणि जी मांडते तिचा फोन वाजू लागला, की गाडीत घड्याळाकडे बघत बसू नका. उठा आणि तिच्याशेजारी दारात उभे राहा. लीलाच्या वेळी डबा भरलेला होता आणि कोणीही उठले नव्हते.