गाणं डावीकडे आहे

पियानो घरात आला त्याच दिवशी मी सांगितलं होतं, या खोलीत एक तर मी राहीन नाहीतर तो. दोघंही राहिलो, कारण माझं ऐकतं कोण! एक हॉटेल बंद पडलं, मालकाने तो नुसता उचलून न्या म्हटलं, आणि फुकट ते पौष्टिक या न्यायाने आमचे हे घेऊन आले. आणल्यावर कळलं की डावीकडच्या तारा कोणीतरी आधीच काढून नेल्या होत्या. उजवीकडे दाबलं की टिंग व्हायचं, डावीकडे नुसतं ठक.

यांचं सलून आहे. दुकान खाली, आम्ही वर. शिकवायला यांनी शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या बाई गाठल्या. बाईंनी पहिल्याच दिवशी यांचा डावा हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, याने आजवर काय काम केलंय? हे म्हणाले, गिऱ्हाइकांची डोकी धरली. खरंच होतं ते. कात्री उजव्याची, वस्तरा उजव्याचा, आणि डावा आपला घरातल्या थोरल्या दिरासारखा नुसता वजन ठेवून असायचा. बाईंचं निदान असं की पंजात जोर आहे, बोटांत नाही, आणि करंगळी तर जन्मापासून झोपलेली आहे. मनगट न हलवता एकेक बोट वेगळं टेकवायचं, तेही सावकाश. आधी डावा एकटा, मग दोन्ही हात मिळून. वर एक धडाही दिला. त्यात सगळं गाणं डाव्या हाताला होतं, उजव्याने मधूनमधून फक्त टिंग करायचं.

म्हणजे बघा, डावी बाजू मुकी आणि गाणं नेमकं डावीकडे. बाईंच्या घरी आठवड्यातून एकदा ते वाजत असेलही, पण वर्षभर आमच्या कानी काय आलं? ठक ठक ठक टिंग. माझी आई आमच्याकडेच असते. ती म्हणायची, जावईबापू खिळे छान ठोकतात.

"गाणं डावीकडे आहे," हे शांतपणे सांगायचे.

त्यावर आई म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं.

डाव्या हाताला वळण लागावं म्हणून दातही डाव्याने घासायचे, चहाही डाव्याने ओतायचा. निम्मा कपात, निम्मा माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर. दुकानात तर कहरच. उजवा केस कापतोय आणि डाव्याची बोटं गिऱ्हाइकाच्या टाळूवर धडा गिरवतायत. काही लोक अर्धे केस कापून उठून गेले. निवृत्त पोस्टमास्तर मात्र पूर्वी महिन्यातून एकदा यायचे, ते दर आठवड्याला येऊ लागले. कानांमागची झालर सोडली तर त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे बोटांना मोकळं रान मिळायचं. ते डोळे मिटून पडून राहायचे.

मग मुलीचा फोन आला, शनिवारी बाळाला घेऊन येतेय. पाळण्याला जागा पाहिजे होती. मी म्हटलं, आता पियानो जाणार. हे भांडले नाहीत. नव्या तारा बसवायला यांनी बोलावलेला कारागीर त्याच्या आधी येणारच होता.

"एकदा ऐका," म्हणाले. "ऐकणाऱ्यांपैकी एकाला जरी हे गाणं वाटलं तर राहू दे. नाहीतर मीच खाली उतरवीन."

ऐकणाऱ्या म्हणजे मी आणि आई, आणि आईचा निकाल तर आधीच लागलेला होता. मी हो म्हटलं.

कारागिराने तारा बसवून वरून हाक मारली तेव्हा हे पोस्टमास्तरांच्या गालाला साबण लावत होते. तसेच पळत वर आले आणि बसले.

पहिल्यांदाच डावीकडून आवाज आला, चांगला दणदणीत. पण डावा अडखळायचा, उजव्याचं टिंग भलतीकडेच पडायचं, मग पुन्हा मागून सुरुवात. कारागीर मान खाली घालून हत्यारं आवरू लागला. आईने छताकडे पाहिलं. यांचे कान लाल झाले. गाणं वाटतंय असं म्हणून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण माझं खोटं यांना लगेच कळतं.

तेवढ्यात दारात पोस्टमास्तर उभे. गळ्यात टॉवेल, एका गालाला साबण, डोळे मिटलेले.

"थांबू नका," ते म्हणाले. "आता करंगळी येईल."

आणि करंगळी आली. सगळ्यात खालचा सूर, इतका भरदार की खिडकीची काच थरथरली.

"आता अंगठा, दोनदा. मग मधलं बोट."

तसंच झालं. त्या माणसाने हे कधी कानांनी ऐकलेलं नव्हतं, पण डोक्यावर त्यांना सगळं पाठ होतं. ते सांगत गेले तसे यांचे हात ठरत गेले, टिंग जागेवर पडू लागलं, आणि मग मलाही ऐकू आलं. गाणं होतं. साधंच होतं, पण गाणं होतं.

गाणं संपलं. आई म्हणाली, "जावईबापू, यांची दाढी राहिलीय."

पाळण्यासाठी मी माझं कपाट खोलीबाहेर जिन्याजवळ काढलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती, तेव्हा मी खाली गेले आणि खुर्चीत बसले. संसाराला इतकी वर्षं झाली, त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. यांनी गोंधळून टॉवेल झटकला आणि विचारलं, किती कापू?

"काही कापू नका," मी म्हटलं. "डावा हात ठेवा. आणि अगदी पहिल्यापासून."