साहेब उठले

माझ्या नवऱ्याला मरायची भारी हौस. नाटकात तो साहेब, म्हणजे दोन वर्षांपूर्वी भर सभेत गोळी घालून मारलेला पुढारी. मी साहेबांची बायको आणि माझा सख्खा धाकटा दीर मारेकरी. सगळा घरचाच मामला. गोळी लागली की नवरा असा कोसळायचा की मलाही धस्स व्हायचं. मग पडदा पडेपर्यंत पापणीसुद्धा हलवायचा नाही.

गोळीनंतर प्रेक्षकांत बसवलेले आमचेच दोन नट ओरडत रंगमंचावर चढत आणि दिराला लुटुपुटूचं बडवत. ही दिग्दर्शकाची अक्कल. त्या दिवशी पुढच्या रांगांत साहेबांचे कार्यकर्ते बसले होते. आमचे दोघे उठले आणि त्यांच्यामागे तीसएक जण उठले.

पहिली लाथ दिराच्या तोंडावर बसली. मी प्रेताशी बसले होते, एक दात माझ्या मांडीवर येऊन पडला. कोणीतरी खुर्चीचा पाय उपटला. अडवायला गेलेल्या आमच्या नटांची डोकी फुटली. दिग्दर्शकाने काढता पाय घेतला, त्याच्यामागे पडदा ओढणाराही पळाला. दिराचा हात त्यांनी उलटा पिरगाळला तेव्हा हाड मोडल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. त्याने "वहिनी" अशी हाक मारली आणि त्याच्या नरड्यावर बूट पडला.

आणि नवरा आपला मेलेलाच. आज नट रंगात आलेत असं वाटत असणार शहाण्याला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रेतावर पडून रडायचं माझं काम होतं, तशीच पडून मी त्याच्या कानात म्हणाले, "ऊठ. हे आपले नाहीत. भावजींना मारून टाकतायत."

तो उठला. छातीवर लाल रंग, साहेबांचा चष्मा, साहेबांचाच आवाज.

"सोडा त्याला."

सगळे जागच्या जागी थिजले. नरड्यावरचा बूट निघाला. दीर घरघरत श्वास घेऊ लागला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

खुर्चीचा पाय धरलेला माणूस पुढे आला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मग कुणाला मारू, साहेब?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. दोघातिघांची नजर पुन्हा दिराकडे वळायला लागली होती. नवऱ्याने हात उचलून दाराकडे दाखवला.

"इथे नाहीत ते. बाहेर आहेत."

ते धावत गेले. मी दिराचं डोकं मांडीवर घेतलं. तो जगणार हे दिसल्यावर मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात रस्त्यावर काच फुटली आणि कोणीतरी बाई, सोडा हो त्याला, सोडा, म्हणून विनवू लागली.