बॅटरीचा दम

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. कानाची मशीनं दुरुस्त करणं हा माझा धंदा. दिवसभर दुकानात ऐकू न येणाऱ्यांशी बोलायचं आणि घरी आलं की अण्णांशी. अण्णा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी कारखान्यात जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग केलं आणि तिथल्या गोंगाटात दोन्ही कान घालवून बसले. घरात आम्ही दोघंच, पण आमच्याकडे आज भाजी कुठली आहे हे वरच्या मजल्यावरच्या काकूंना न विचारता कळतं.

अण्णांच्या दोन्ही कानांसाठी मी स्वतः बसून मशीनं तयार केली होती. ती खणात पडून होती. "ते घालून काय तुझं ओरडणं ऐकू?" असं म्हणून ते विषय तोडायचे. मी हसण्यावारी न्यायचे, पण माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. कान बंद राहिले की माणूस आधी बोलणं सोडतो, मग माणसांत बसणं सोडतो, हे मी रोज बघते. अण्णांची गाडी तर 'हं' आणि 'नको' यांवर येऊन थांबली होती. त्यांनी ती मशीनं एकदा तरी कानात घालावी, एवढंच मला हवं होतं.

अशात कुठून कोण जाणे, त्यांच्या डोक्यात हेलिकॉप्टर शिरलं. तळहातावर मावेल आणि खोलीतल्या खोलीत रिमोटवर उडेल, एवढंसं. सांगाडा त्यांनी पतंगाच्या कामटीएवढ्या काड्यांचा केला, पाती प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून कापली. मग माझा दुकानातला नाजूक वजनकाटा घरी मागवून घेतला आणि माझ्यामागे भुणभुण लावली. मला खरं तर बरंच वाटत होतं. निदान माणूस काहीतरी विचारत तरी होता.

"रिसीव्हर वेगळा, जायरो वेगळा, मोटरीचा कंट्रोल वेगळा, असं घेतलं तर?" त्यांनी विचारलं. जायरो म्हणजे शेपटी भरकटू न देणारा भाग.

"फार जड होईल," मी ओरडून सांगितलं; माझ्या ओठांकडे बघून ते शब्द ओळखायचे. "मोडक्या खेळण्यातलं सगळं एकत्र असलेलं सर्किट घ्या."

त्यांनी तसं एक सर्किट मिळवलं, त्याचं कवच काढलं, वायरी आखूड केल्या आणि प्लग कापून थेट सोल्डर मारलं. प्रत्येक वायर काट्यावर ठेवून बघायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. एवढ्याशा वायरीला इतकं वजन असतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

सगळं घोडं अडलं ते बॅटरीवर. खेळण्यांच्या दुकानदाराकडून दोन लिथियमच्या आणल्या. मोठी लावली तर हेलिकॉप्टर टेबलावर नुसतं थरथरायचं, उठायचं नाव नाही. लहान लावायची म्हटलं तर अण्णांना ती पटेना. "ही काय, चहा निवायच्या आत संपेल," ते म्हणाले.

इथे माझ्यातली शहाणी जागी झाली. कानाच्या मशीनचे सेल मी आयुष्यभर हाताळलेत. अण्णांच्या मशीनचा सेल आमच्याकडचा सगळ्यात मोठा, तरी शर्टाच्या बटणाएवढा. वजन म्हणाल तर नगण्य, आणि चालतो दिवसचे दिवस. पाठीमागच्या स्टिकरखाली बारीक भोकं असतात. स्टिकर काढला की आत हवा जाते आणि तो जागा होतो. मी पाकिटावर छापलेली ताकद आणि काट्यावरचं वजन ताडून पाहिलं. लिथियम त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती. एवढी साधी गोष्ट कोणाला कशी सुचली नाही, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

रविवारी सकाळी अण्णांच्या खणातलं पाकीट फोडलं, तीन सेलचे स्टिकर काढले, तांब्याच्या पट्टीनं एकापुढे एक जोडले आणि हेलिकॉप्टरच्या पोटाला चिकटवले. सर्किटवरचा दिवा लागला. मी अण्णांकडे तोऱ्यात बघितलं. त्यांनी रिमोटचा दांडा जरासा पुढे सरकवला. दिवा विझला. पातं केसभरही हललं नाही.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी पट्ट्या घासल्या, जोड तपासले, सर्किटला शिव्या घातल्या. अण्णांनी मात्र एक सेल उचलून भिंगाखाली धरला.

"ही भोकं कसली?"

"हवेसाठी. हवा घेतो आणि तिच्यावर चालतो."

"म्हणजे श्वास घेतो?" त्यांचे डोळे चमकले. "मग बरोबर आहे. बारीक भोकातून श्वास घेणारा पळणार कसा? याच्यात दम आहे, जोर नाही. दिवसभर हळूहळू चालेल, पण मोटरीला एकदम घास मोठा लागतो. तुझ्या मशीनला काय, चिमणीएवढा पुरतो."

मी फक्त किती साठवलंय ते बघितलं होतं. एका दमात किती देता येतं, हे बघायचं असतं असं डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या धंद्यात ती वेळच येत नाही.

"बरं, आता बंद कर ते सेल," अण्णा म्हणाले.

"बंद होत नाहीत. एकदा हवा लागली की वापरा नाहीतर ठेवा, संपणारच."

"तिन्ही?"

"तिन्ही," मी म्हणाले. अण्णांचा चेहरा पडला. सोल्डरचा सांडलेला ठिपकासुद्धा वेचून डबीत टाकणारा माणूस तो. त्यांनी सेल एका बशीत ठेवले आणि बशी स्वतःजवळ ओढून घेतली.

मग मुकाट्यानं लहान लिथियम लावली. हेलिकॉप्टर उठलं. खरोखर उठलं, वीतभर, आणि शेपटी कुत्र्यासारखी हलवत सोफ्यावर आदळलं. अण्णांनी पाती काढली, नुसती मोटर फिरवली आणि सांगाड्याला बोट लावून बसले.

"काय ऐकू येतंय तुला?"

"घरघर."

"कसली घरघर? गिअरचे दात घासतायत, की मोटरच खराब आहे?"

"मला काय कळतंय? घरघर म्हणजे घरघर."

"कान असून उपयोग काय तुझा?" ते वैतागले. ज्या माणसानं आयुष्यभर मोटरीचा आजार नुसत्या आवाजावरून ओळखला, त्याला बोटानं चाचपावं लागत होतं. त्यांनी एकदा हेलिकॉप्टरकडे पाहिलं, एकदा बशीकडे.

"फुकटच जाणार ना हे? आण ती मशीनं."

मी लगेच उठले. उगाच काही बोलले असते आणि गाडी उलटली असती. खण उघडला, दोन सेल बसवले, मशीनं त्यांच्या कानांत नीट घातली. त्यांनी मोटर सुरू केली आणि डोळे मिटले.

"गिअर फार घट्ट बसलाय," ते म्हणाले. "त्यानंच थरथरतंय, आणि जायरो बिचारा गोंधळतोय." दोन गिअरच्या मध्ये कागदाची पट्टी घालून त्यांनी मोटर जराशी मागे सरकवली, स्क्रू आवळला, पट्टी ओढून काढली. पाती चढवली.

हेलिकॉप्टर उठलं आणि टेबलाच्या वर, आमच्या नाकासमोर, गपगार उभं राहिलं.

"अण्णा, उडालं," मी म्हणाले. म्हणजे सवयीप्रमाणे ओरडले.

ते दचकले. हेलिकॉप्टर खाली आलं. कानावर हात ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले.

"तू चिडलेली नाहीस?"

"चिडू कशाला? आनंद झालाय मला."

"तोंड तर नेहमीसारखंच केलंयस," ते म्हणाले. "आवाज यायचा नाही, नुसतं तोंड दिसायचं. मला वाटायचं, तू माझ्यावर कायमची चिडलीयस. म्हणून म्हटलं, जितकं कमी बोलावं तितकं बरं."

मला रडू आलं. "मग विचारायचं नाही का?"

"विचारलं असतं तर ओरडूनच सांगितलं असतंस."

खरंच होतं ते. मी डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात गेले. अण्णा पुन्हा पाठमोरे होऊन बॅटरी चार्जिंगला लावत होते. हळू कसं बोलायचं हेच मला आठवेना. दोनदा तोंड उघडून मिटलं. मग अगदी बारीक आवाजात, ओट्यापाशी उभी राहून विचारलं, "चहा ठेवू?"

"अर्धा कप," अण्णा मान न वळवता म्हणाले.