खिळ्याला टांगलेली चाळण

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे आणि सध्या माझे डोके ठिकाणावर नाही. गोड गोष्ट ऐकायला आला असाल, तर आल्या पावली परत जा.

माझी मालकीण म्हणजे घरची मोठी सून, थोरली. तिच्या सासऱ्यांनी बांबूच्या बारीक कामट्या विणून मला लाकडी चौकटीत बसवले. कामट्यांमध्ये केसाएवढ्या फटी ठेवल्या. तेच माझे सगळे कसब! केळीच्या खोडाची सोपटे शिजवून कुटलेला लगदा हौदात असे. थोरली मला त्यात बुडवून अलगद वर उचलत असे. पाणी फटींतून गळून जाई आणि माझ्या अंगावर कागद उरे. पुढे सासरे गेले. तशी दुसरी चाळण विणणारे कोणी उरले नाही. माझ्याच जोरावर थोरली आणि तिची धाकटी जाऊ यांचे संसार चालत राहिले.

शहरातल्या डिझायनर बाई त्या कागदाचे दिवे बनवत. एकदा त्या आल्या आणि म्हणाल्या, "प्रदर्शनापुरती चाळण द्या ना. लोकांना तुमची कला कळेल." थोरली सोपटे आणायला गेली होती. धाकटी हुरळली आणि तिने मला देऊन टाकले.

प्रदर्शन संपले, तरी मी बाईंच्या दालनात खिळ्यालाच. वर पिवळा झोत, खाली पाटी: 'ग्रामीण हातांना आधार'. आधार कसला, डोंबलाचा! तिकडे हौदातला लगदा सडला, जावाजावांचे बोलणे बंद झाले. इकडे लोक "किती सुंदर!" म्हणत माझ्यापुढे फोटो काढतात. त्यांच्या टाळक्यावर पडावेसे वाटते मला.

काल थोरली आली. सगळ्यांदेखत तिने मला खाली ओढले.

"अहो, सांभाळून! आमच्या दालनाची शान आहे ती," बाई ओरडल्या.

"शान तुमची, आणि रिकामा हौद मी काय कपाळावर मारू?" थोरलीचा हात माझ्यावरून फिरला आणि थांबला. "हे काय फासलंय हिला?"

"व्हार्निश. दोन हात दिलेत. कशी चमकतेय बघा!"

थोरलीने मला दिव्यासमोर धरले. एकाही फटीतून उजेड येईना.

"फटी बुजवल्यात बाई तुम्ही. आता पाणी गळायचं कुठून?"

थोरलीने मला पुन्हा खिळ्याला अडकवले आणि मागे वळून न बघता ती निघून गेली.

मित्रांनो, कुणाचे हत्यार भिंतीवर दिसले, तर कौतुक नंतर करा. आधी विचारा, हे इथे आहे, मग तिकडे काम कशावर चालले आहे? आणि मला सुंदर म्हणू नका. मी काळीकुट्ट, ओलीचिंब होते, तेव्हा दोन घरे जेवत होती.