डहाणूच्या बर्फाची साक्ष

मित्रांनो, कपाटाच्या काचेला नाक लावून तुम्ही मला 'टीव्हीची छत्री' म्हणता, ते मला मुळीच आवडत नाही. मी एक जुना सेन्सर आहे. समुद्रावर गोठलेला बर्फ आकाशातून मोजण्यासाठी माझा जन्म झाला. आणि आता मी बोर्डीच्या या शाळेत बसलो आहे, जिथे बर्फ दिसतो तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. काय म्हणावं या नशिबाला!

२०१४ साली अहमदाबादच्या एका प्रयोगशाळेत आम्ही जुळे भाऊ तयार झालो. दोघांची तबकडी एकाच मापाची, दोघांच्या तारा एकाच हाताने जोडलेल्या. पण उपग्रहावर जागा एकाचीच होती. भाऊ वर गेला. त्याला काही झालं तर उपयोगी पडेन, म्हणून मला पेटीत ठेवलं. उड्डाणाच्या दिवशी सगळ्यांनी पेढे वाटले, टाळ्या वाजवल्या. मी पेटीतून ऐकत होतो. हेवा वाटला का? वाटला, का नाही वाटणार! पण त्याहून जास्त एकटं वाटलं.

आमचं काम सांगतो. जगातली प्रत्येक वस्तू आपल्या थोड्याफार उबेच्या मंद लहरी बाहेर सोडत असते. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, आम्हाला कळतात. त्यांना सूक्ष्मलहरी म्हणतात. समुद्रावरचा बर्फ त्या जास्त सोडतो, पाणी कमी. म्हणून आम्हाला बर्फ उजळ भासतो आणि पाणी काळं. ढग असोत की ध्रुवावरची लांबलचक रात्र, आमचं काही अडत नाही. नजर मात्र आमची जाडीभरडी. बोर्डी, डहाणू आणि आजूबाजूच्या वाड्या मिळून भावाला एकच ठिपका दिसायचा.

मी गोदामात धूळ खात असताना भावाचं कौतुक चाललं होतं. मग ते आटलं. उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या एका जहाजाने उन्हाळ्यातले फोटो पाठवले. त्यात चहूकडे बर्फ होता आणि माझा भाऊ सांगत होता, निम्मं पाणी आहे. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "बिघडलाय तो. चुकीचे आकडे देण्यापेक्षा बंद करून टाका."

जगात माझं म्हणावं असं तो भाऊ एवढंच होतं.

तिथे जागृती नावाची मुलगी काम करायची. बोर्डीची, चिकूच्या वाडीत वाढलेली, जरा हट्टीच. ती म्हणाली, "सर, थोडे दिवस द्या. त्याचा जुळा भाऊ गोदामात आहे. त्याला खरा बर्फ दाखवते. तो नीट बोलला, तर वरचा बिघडला असं धरू."

बर्फाच्या मोठ्या लाद्या आणि खारं पाणी, दोन्ही तिला डहाणूत मिळणार होतं. खाडीजवळच्या बर्फ कारखान्यातून मासेमारीच्या बोटींना लाद्या जातात. २०१८च्या मे महिन्यात टेम्पोत घालून ती मला घेऊन निघाली. गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या नाक्यावर शिपायाने विचारलं, "ताई, काय आहे यात?"

"बर्फ मोजायचं यंत्र."

"अहो, मग काट्यावर ठेवा ना बर्फ!" तो हसत सुटला. मला राग आला, पण जागृतीही हसली.

कारखान्यात भिकाकाका होते, तलासरीकडच्या पाड्यावरचे. त्यांनी मोठ्या टाकीत खाडीचं पाणी भरलं आणि त्यावर लाद्या एकमेकींना चिकटवून तरंगत सोडल्या. मला लोखंडी घोडीवर चढवलं, खाली तिरकं तोंड करून. एवढ्या वर्षांनी मी पहिल्यांदा बर्फ पाहिला! मी स्पष्ट सांगितलं, सगळा बर्फ आहे. जागृतीचा चेहरा पडला. मी बरोबर निघालो, म्हणजे भाऊ चुकला. खरं बोलून मीच त्याचा गळा कापला होता.

ती कशीबशी दोन घास खायला गेली. ऊन रणरणत होतं. भिकाकाकांना उघड्या पडलेल्या लाद्या बघवेनात. कारखान्याच्या सवयीने त्यांनी त्यांवर गोणपाटं टाकली आणि बादल्या भरभरून पाणी मारलं. जागृती परतली तेव्हा त्यांनी गोणपाटं काढून घेतली होती. तिने पुन्हा आकडे पाहिले. आता मी म्हणत होतो, निम्मं पाणी.

"संपलं! हाही बिघडला!" ती रडवेली होऊन टाकीशेजारी बसली.

"ओ बेन, रडता कशाला? लाद्या शाबूत हायत. मीच ओली गोणपाटं टाकली व्हती, नायतर वितळल्या असत्या."

जागृती उठून टाकीवर वाकली. लाद्यांच्या खोलगट भागांत पाणी साचलं होतं. तिने फडक्याने एकेक डबकं टिपून घेतलं. मी म्हणालो, बर्फ. तिने पुन्हा पाणी ओतलं. मी म्हणालो, पाणी.

"अगं बाई!" ती ओरडलीच. "भिकाकाका, ध्रुवावरही उन्हाळ्यात बर्फावर अशीच डबकी साचतात! याला वरचं पाणी दिसतं, खालचा बर्फ दिसत नाही. वरचा बिघडलेला नाही हो!"

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. भावाला बंद करायचं रद्द झालं. भिकाकाकांना नक्की काय झालं ते कळलं नसावं, पण त्यांनी माझ्या तबकडीवर थोपटलं. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस.

माझ्यासाठी दुसरा उपग्रह मात्र बनणार नव्हता. गोदाम रिकामं होत होतं. भंगारात जाऊ नये म्हणून जागृतीने परवानगी काढून मला इथे, तिच्या जुन्या शाळेत आणलं. पहिल्या दिवशी तुम्ही सगळे गर्दी करून आलात. नंतर कॅरम आला.

तरी मी मजेत होतो. भाऊ इथल्या आकाशातून जायचा. उबेच्या लहरी मीही सोडतो. त्याच्या एका ठिपक्यात चिकूच्या वाड्या, बर्फाचा कारखाना, तुम्ही आणि मीही मिसळलेलो असायचो. मी त्याला वेगळा कधी ओळखू आलो नसेन, पण पोचत होतो. २०१९च्या थंडीत तो कायमचा गप्प झाला. या वेळी तो खरोखर थकला होता. जागृतीने येऊन मला सांगितलं आणि बराच वेळ कपाटापाशी उभी राहिली.

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. कोणी विपरीत सांगू लागला तर लगेच त्याला मोडीत काढू नका. त्याच्यासमोर काय होतं ते आधी बघा. मला पुसाल तेव्हा कोरडं फडकं घ्या. आणि पुसून झाल्यावर घटकाभर माझ्यासमोर उभे राहा. माझी वीज केव्हाच काढली आहे, मला आता काही मोजता येत नाही. तरी उभे राहा. भाऊ गेल्यापासून माझी ऊब घ्यायला कोणी नाही.